दग्धता, दाह आणि हृदय : एका कार्यकारणसाखळीची चिकित्सा

बीजसंज्ञा : बर्नआउट, दाह, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हृद्‌रोग, उपाधी, कार्यस्थिती

प्रस्तावना

कामाच्या अतिरेकाने माणूस 'जळून' जातो, त्या जळण्यातून शरीरात दाह उत्पन्न होतो आणि तो दाह अखेरीस हृदयाच्या रक्तवाहिन्यांना गाठतो, अशी एक त्रिपदी साखळी आज संशोधनपर नियतकालिकांपासून वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांपर्यंत सर्वत्र आढळते. प्राध्यापकांसाठीच्या उद्बोधन व उजळणी वर्गांतील ताणतणाव व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतूनही ती मांडली जाते. साखळी ऐकायला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्या प्रत्येक कडीला स्वतंत्र पुरावा लागतो, याचा सहसा विसर पडतो. प्रस्तुत लेखात या साखळीच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या प्रमुख अध्ययनांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचा विषय मानसशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. त्यामुळे येथील दृष्टी ही मापन, नमुना आणि अनुमान यांची तपासणी करणाऱ्याची आहे, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होईल.

शब्दाचा प्रवास

'बर्नआउट' ही संज्ञा प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील मोफत चिकित्सालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी स्वयंसेवकांची उमेद हळूहळू विझत जाताना पाहिली आणि १९७४ मध्ये तिचे वर्णन या शब्दाने केले. त्या वेळी हा शब्द मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांच्या संदर्भात बोलभाषेत रूढ होता. त्याआधी, १९६० च्या दशकाच्या आरंभी, ग्रॅहम ग्रीन यांची काँगोमधील कुष्ठवसाहतीवरची कादंबरी याच शब्दाशी निगडित शीर्षकाने आली होती. तेथे त्याचा अर्थ वेगळा होता. रोग आपले नुकसान करून थांबला आहे, संसर्ग उरलेला नाही, पण बोटे झडलेली आहेत, असा रुग्ण. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : आग लागून गेली आहे, आता राख उरली आहे.

मराठीत या शब्दाला स्थिर पर्याय लाभलेला नाही. 'कार्यदग्धता' हा शब्द संस्कृतप्रचुर असून कोणी बोलताना वापरत नाही. 'शीण' आणि 'थकवा' विश्रांतीने जातात असे आपण गृहीत धरतो. 'जीव मेटाकुटीला येणे' हा वाक्प्रचार अर्थाच्या सर्वांत जवळ जातो, परंतु पारिभाषिक संज्ञा म्हणून तो गैरसोयीचा आहे. म्हणून येथे 'बर्नआउट' हाच शब्द स्वीकारला आहे. पर्यायी शब्दाची चर्चा केवळ भाषिक नाही. 'दग्धता' म्हटले की 'दाह' आपोआप पुढे येतो. इंग्रजीतही 'बर्न' आणि 'इन्फ्लमेशन' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ज्वालाच आहे. तेव्हा ज्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सिद्ध करावयाचा आहे त्या भाषेने आधीच जोडून ठेवलेल्या आहेत, आणि हे रूपक वाचकाला पुरावा पाहण्यापूर्वीच राजी करते.

१९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी या अनुभवाला मापनश्रेणी दिली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना, असे तीन घटक त्यात होते. श्रेणी लोकप्रिय झाली. व्याख्या मात्र एकच राहिली नाही. २०१८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांमधील बर्नआउटविषयीची १८२ अध्ययने एकत्र पाहण्यात आली. त्यांत बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या वा निकष आढळले आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसले. ज्या पट्टीने मोजले असता एक समूह पूर्ण निरोगी आणि दुसरा बहुतांशी आजारी ठरतो, त्या पट्टीचे टोक थेट हृदयाला लावण्यापूर्वी थबकणे आवश्यक आहे.

तेल अवीवची अध्ययने

या साखळीचा सर्वांत गंभीर आणि सातत्यपूर्ण अभ्यास इस्राएलमध्ये झाला. एरी शिरोम, सॅम्युएल मेलामेड आणि नंतर शॅरोन टोकर या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून बर्नआउट आणि हृद्‌रोगाचे धोके यांच्या संबंधावर काम केले. त्यांनी मास्लाक यांची श्रेणी न घेता स्वतःची श्रेणी रचली. शारीरिक थकवा, भावनिक रितेपणा आणि बौद्धिक शिणवटा हे तिचे घटक होत. माणसाचा ऊर्जासाठा आटत जातो, ही कल्पना तिच्या मुळाशी आहे.

२००५ मध्ये या गटाने ६३० स्त्रिया आणि ९३३ पुरुष अशा वरकरणी निरोगी कर्मचाऱ्यांच्या रक्तातील दाहदर्शकांचा, म्हणजे उच्चसंवेदी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन व फायब्रिनोजेन यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांमध्ये बर्नआउटचे गुण जितके अधिक तितकी या दोन्ही द्रव्यांची पातळी अधिक, असे दिसले. पुरुषांमध्ये मात्र बर्नआउटचा असा संबंध आढळला नाही. तेथे संबंध आढळला तो अवसादाचा. त्याहून चमत्कारिक बाब अशी की, स्त्रियांमध्ये चिंता आणि दाहदर्शके यांचा संबंध उलट्या दिशेचा होता : चिंता अधिक, दाहदर्शके कमी. 'बर्नआउटमुळे दाह वाढतो' या एका ओळीत जेव्हा हे अध्ययन सारांशरूपाने उद्धृत होते, तेव्हा पुरुष आणि चिंता हे दोन्ही भाग गळून पडतात. वस्तुतः या अध्ययनाचे खरे मोल त्या गळलेल्या भागात आहे. एकच जैविक यंत्रणा कार्यरत असेल तर ती लिंगानुसार एवढी बदलावी का, हा प्रश्न तेथे उपस्थित होतो. एक शक्यता अशी की, कामाविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना स्त्रिया कार्यालयाबरोबर घरातील दुसऱ्या पाळीचाही थकवा नोंदवतात. तसे असल्यास श्रेणीवर जे बर्नआउट म्हणून उमटते ते नोकरीचे मापन राहत नाही, संपूर्ण दिवसाचे होते. हे माझे अनुमान आहे. मात्र श्रेणीची रचना त्याला वाव देते, कारण 'मला शारीरिक थकवा वाटतो' या धर्तीच्या विधानात थकव्याचा पत्ता विचारलेला नसतो.

याच गटाचे २०१२ चे अध्ययन अधिक गाजले. तेल अवीवच्या वैद्यकीय केंद्रात नियमित आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ८,८३८ कर्मचाऱ्यांचा सरासरी ३.४ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. या काळात हृद्‌धमनी विकाराचे ९३ नवे रुग्ण आढळले. बर्नआउटचे गुण सर्वाधिक असलेल्या पाचव्या हिश्श्यात हा धोका सुमारे ७९ टक्क्यांनी अधिक होता. हा आकडा वृत्तपत्रांना प्रिय झाला यात नवल नाही. तथापि, ९३ रुग्ण पाच हिश्श्यांत समान वाटले तर प्रत्येकी एकोणीसही येत नाहीत. इतक्या थोड्या घटनांवर उभ्या असलेल्या गुणोत्तराची विश्वासमर्यादा रुंद असणारच, ती १.०५ ते ३.०४ अशी होती. म्हणजे खरा धोका जेमतेम पाच टक्क्यांनी अधिक असू शकतो किंवा तिप्पटही असू शकतो. शिवाय संपूर्ण नमुन्यात तीन-साडेतीन वर्षांत शंभरातील साधारण एकालाच हा विकार जडला. सापेक्ष धोका मोठ्या अक्षरांत आणि निरपेक्ष धोका मौनात, ही आरोग्यवार्तांकनाची जुनी खोड येथेही दिसते. दोष संशोधकांचा नाही. त्यांनी आकडे उघडपणे मांडले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हृद्‌धमनी आकुंचित होऊ लागली की छातीत दुखण्याआधी अनेकदा नुसता थकवा जाणवतो. मग थकवा हे कारण मानावयाचे की दबक्या पावलांनी आलेल्या रोगाचे पहिले लक्षण? हा प्रश्न त्याआधी नेदरलँड्समध्ये ॲड ॲपल्स यांनी मांडलेल्या 'जीवशक्तीच्या क्षया'च्या संकल्पनेलाही भेडसावत होता. हृदयविकाराच्या झटक्याआधी रुग्ण असाधारण थकव्याची तक्रार करतात, या निरीक्षणातूनच ती संकल्पना निघाली होती. पाठपुराव्याची पहिली काही वर्षे वगळून विश्लेषण करणे हा यावर एक उपाय आहे. परंतु पाठपुरावाच सरासरी ३.४ वर्षांचा असेल तर वगळून उरणार किती?

धूर, अग्नी आणि ओले सरपण

भारतीय न्यायशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला येथे 'उपाधी' या संकल्पनेचे स्मरण व्हावे. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे हे अनुमान निर्दोष मानले जाते. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष ठरते, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. ते ओले सरपण म्हणजे उपाधी. आधुनिक संख्याशास्त्रात ज्याला गोंधळकारक चल म्हणतात तो कारण व परिणाम दोहोंशी निगडित असतो, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण अनुमान करणाऱ्याला दिलेला इशारा तोच आहे.

बर्नआउट हा अग्नी आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा धूर मानला, तर ओले सरपण कोणते? पोटाभोवतीची चरबी हे त्यातील प्रमुख. मेदऊती ही केवळ साठवणीची कोठी नसून ती इंटरल्युकिन-६ सारखी दाहप्रेरक द्रव्ये स्रवते आणि त्यांच्या प्रेरणेने यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते. अपुरी झोप, धूम्रपान, हिरड्यांचे जुनाट विकार, वारंवार होणारे जंतुसंसर्ग यांनीही ही पातळी वाढते. भारतीय नमुन्यात ही उपाधी अधिक बलवान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यामुळे हे सर्वश्रुत आहे की, समान शरीरभारांकाच्या युरोपीय व्यक्तीपेक्षा भारतीयाच्या शरीरात चरबीचे प्रमाण बरेच अधिक असू शकते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छायाचित्रासह दिली होती : दोघांचा शरीरभारांक सारखा, चरबीचे प्रमाण मात्र दुपटीहून अधिक भिन्न. तेव्हा शरीरभारांक 'नियंत्रित' केला असे सांगणारे तेल अवीवचे वा हेलसिंकीचे विश्लेषण जसेच्या तसे नाशिक-सोलापूरच्या प्राध्यापकाला लावता येणार नाही. आपल्याकडे शरीरभारांक स्थिर ठेवूनही सरपण ओलेच राहते.

येथे एक प्रतिआक्षेपही विचारात घेतला पाहिजे. थकलेला माणूस संध्याकाळी फिरायला जात नाही, उशिरा व वाटेल ते खातो, झोप मोडते, वजन वाढते. या परिस्थितीत चरबी ही उपाधी राहत नाही. ती बर्नआउट आणि दाह यांच्यामधील पायरी बनते. तिला विश्लेषणातून वजा केले तर आपण परिणामाचाच एक भाग पुसून टाकतो. वजा न केले तर उपाधीचा दोष लागतो. एका वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून हा पेच सुटणे शक्य नाही, आणि या विषयावरील पुष्कळशी अध्ययने तर एका वेळच्या नमुन्यावरच आधारलेली आहेत.

धुराविषयी आणखी एक गोष्ट. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे स्वतः रक्तवाहिन्यांना इजा करते का? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आनुवंशिक विश्लेषणात असे दिसले की, जन्मतः ज्यांची या प्रथिनाची पातळी अधिक असते त्यांना त्या प्रमाणात हृद्‌धमनी विकार अधिक होत नाही. याउलट इंटरल्युकिन-६ च्या ग्राहकाशी संबंधित जनुकीय भेदांवरील २०१२ च्या अध्ययनांनी त्या मार्गाचा कार्यकारण सहभाग सूचित केला. २०१७ मध्ये कॅन्टोस या चाचणीने निर्णायक पाऊल टाकले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये, इंटरल्युकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढील हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, आणि तेही कोलेस्टेरॉल न बदलता. दाह हा धमनीविकाराचा केवळ साक्षीदार नसून त्यात त्याचा वाटा आहे, हे त्यामुळे मान्य करावे लागते. (त्याच चाचणीत प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, हेही विसरता कामा नये.) म्हणजे साखळीची तिसरी कडी, दाहाकडून हृदयाकडे जाणारी, पक्की आहे. कच्ची आहे ती पहिली. आणि तिसरीच्या मजबुतीचे श्रेय पहिलीला दिले जाते, हा माझ्या मते या विषयावरील लेखनाचा मुख्य दोष होय.

मेंदूपासून मज्जेपर्यंत

पहिली कडी कच्ची असली तरी पोकळ नाही. बोस्टनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २९ निवासी डॉक्टरांचे रक्त तपासले. कामाच्या काळात त्यांच्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली आढळली. त्याच अध्ययनात दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांमध्ये यंत्रणेचा मागही काढण्यात आला : अनुकंपी मज्जासंस्थेतून आलेले नॉरॲड्रेनलिन अस्थिमज्जेतील मूळ पेशींना विभाजनास प्रवृत्त करते, त्यातून न्यूट्रोफिल व मोनोसाइट या पेशी अधिक संख्येने रक्तात उतरतात आणि धमनीतील थर अस्थिर होतो. आपल्याकडे राबणाऱ्या माणसाविषयी 'हाडाची काडे केली' असे म्हणतात. ताणाची वाट खरोखरच हाडाच्या पोकळीतून जाते हे पाहून क्षणभर अंगावर काटा येतो.

२०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याच्या पुढची पायरी आली. २९३ व्यक्तींच्या पूर्वीच घेतलेल्या पेट प्रतिमांमध्ये मेंदूतील अमिग्डाला या भागाची क्रियाशीलता पाहिली गेली. ती जितकी अधिक तितकी अस्थिमज्जेची क्रिया, धमनीचा दाह आणि पुढील काळातील हृदयघटना अधिक. अतिशय देखणे अध्ययन! तथापि, त्यात हृदयघटना घडल्या त्या अवघ्या २२ जणांना, आणि या प्रतिमा मूलतः अन्य वैद्यकीय कारणांसाठी घेतलेल्या होत्या. आणि दोन्ही अध्ययनांत मोजला गेला तो ताण, बर्नआउट नव्हे. ताणाच्या प्रसंगी संप्रेरके उसळतात. बर्नआउट ही त्या उसळीनंतरची, उमेद विझल्याची अवस्था आहे, असे तिचे व्याख्याकारच सांगतात. बर्नआउट झालेल्यांमध्ये कॉर्टिसॉलची पातळी चढलेली असते की उतरलेली, याविषयी अध्ययनांत एकवाक्यता नाही. आगीविषयीचा पुरावा राखेच्या नावाने सादर करणे हा तर्कदोषच म्हणावा लागेल.

एक जुना धडा

हृदय आणि स्वभाव यांची सांगड घालण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर फ्रीडमन व रे रोझेनमन यांनी सतत घाईत असणाऱ्या, स्पर्धाखोर, चिडखोर माणसाचे 'अ प्रकार' असे नामकरण केले. ३,१५४ पुरुषांच्या साडेआठ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा व्यक्तींना हृद्‌धमनी विकार दुपटीने होतो असे १९७५ मध्ये जाहीर झाले आणि ही संकल्पना पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. पुढे १९८८ मध्ये त्याच समूहातील रुग्णांचा माग घेतला असता, पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये 'अ प्रकार'चे लोक इतरांपेक्षा कमी दगावल्याचे आढळले. नंतरच्या काळात उघड झालेल्या कागदपत्रांवरून हेही स्पष्ट झाले की, या संशोधनाला तंबाखू उद्योगाने दीर्घकाळ अर्थसाहाय्य केले होते. त्यामागील हिशेब सरळ होता : दोष स्वभावाचा ठरला तर सिगारेटचा ठरत नाही.

बर्नआउटच्या संशोधनामागे असा कोणताही उद्योग उभा आहे, असे मला सुचवायचे नाही. परंतु व्याख्येच्या पातळीवर हाच सरकाव घडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटचा समावेश आजार म्हणून नाही. व्यवसायाशी संबंधित घटना म्हणून आहे. यशस्वीपणे हाताळल्या न गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारा लक्षणसमूह, असा तिच्या व्याख्येचा आशय आहे. 'हाताळल्या न गेलेल्या' या कर्मणी रचनेतील कर्ता कोण? संस्था की कर्मचारी? व्याकरणाने जी जागा रिकामी सोडली आहे ती भरण्याचे काम व्यवहारात नेहमी बलवान पक्ष करतो. मग प्राणायामाचे शिबिर होते, हास्ययोगाचे सत्र होते, रिक्त पदे मात्र रिक्तच राहतात.

कामाची स्थिती की काम करणाऱ्याचे मन

विशेष म्हणजे मन बाजूला ठेवून कामाची स्थिती मोजणारी अध्ययने अधिक भक्कम पायावर उभी आहेत. लंडनच्या व्हाइटहॉल अध्ययनांनी वरिष्ठ अधिकाऱ्याला हृदयविकार अधिक होतो हा रूढ समज खोटा ठरवला. उतरंडीत जो जितका खाली, त्याला धोका तितका अधिक आढळला. १९८५ ते १९८८ दरम्यान १०,३०८ कर्मचाऱ्यांसह सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अध्ययनात या फरकाचा एक मोठा वाटा कामावरील नियंत्रणाच्या अभावाशी जोडला गेला. २०१२ मध्ये मिका किविमाकी व सहकाऱ्यांनी युरोपातील १३ समूहांतील १,९७,४७३ व्यक्तींची मूळ माहिती एकत्र केली. कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, अशा नोकरीत हृद्‌धमनी विकाराचा धोका २३ टक्क्यांनी अधिक दिसला. समाजातील एकूण रुग्णांपैकी या घटकाला लावता येईल असा वाटा सुमारे ३.४ टक्के. आकडा लहान आहे. तो लहान आहे म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतो. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांची जागा घेण्याचा दावा तो करत नाही.

कामाच्या तासांबाबतही असेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्यात ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृद्‌धमनी विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात यातून ७,४५,००० मृत्यू झाले असावेत असा हा अंदाज आहे. तासांना श्रेणी लागत नाही. घड्याळ पुरते. रक्त तपासावे लागत नाही, आणि 'तुम्हाला रितेपणा वाटतो का' असे विचारण्याचीही गरज पडत नाही.

मनावर उपचार केल्याने हृदय वाचते का, याचे उत्तरही संमिश्र आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अवसाद वा एकाकीपणा असलेल्या २,४८१ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत (२००३) समुपदेशनाने मनःस्थिती काहीशी सुधारली. मृत्यू आणि पुढचे झटके मात्र कमी झाले नाहीत. उप्साला येथील ३६२ रुग्णांवरील लहान चाचणीत (२०११) वर्षभराच्या गटोपचाराने पुढील हृदयघटना ४१ टक्क्यांनी घटल्या. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. आपल्याकडे व्याख्यानांतून दुसराच तेवढा ऐकू येतो.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या संदर्भात

या साखळीला जैविक पुराव्याची एवढी ओढ का वाटते, याचे कारण समजण्यासारखे आहे. थकव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. रक्ताच्या अहवालावर ठेवतात. दाखवायला आकडा असला की तक्रार वैध ठरते. पण ही वैधता दुधारी आहे. २००३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूत्रांनुसार सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन प्रतिलिटर १ मिलिग्रॅमहून कमी असेल तर धोका कमी, ३ हून अधिक असेल तर जास्त. उद्या एखाद्या थकलेल्या शिक्षिकेच्या अहवालात ०.८ हा आकडा आला तर? तिचा थकवा खोटा ठरावा का? तेल अवीवच्या पुरुषांत बर्नआउट होते, तरी दाहदर्शकांशी त्याचा संबंध नव्हता. त्यांचे बर्नआउट त्यामुळे काल्पनिक ठरत नाही. माणसाला काम असह्य होणे ही गोष्ट दखल घेण्याजोगी ठरण्यासाठी तिने धमनी बिघडवलीच पाहिजे, ही अट मुळातच अन्यायकारक आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छातीत दडपण, चढ चढताना धाप, डाव्या हातात वेदना यांना 'ताण आहे, सुट्टीत ठीक होईल' म्हणून टाळणारे सहकारी स्टाफरूममध्ये विपुल आढळतात. 'ताणामुळे होते' हे वाक्य जेथे रक्तदाब मोजण्याऐवजी वापरले जाते तेथे लोकप्रिय झालेले हे संशोधन प्रत्यक्ष अपाय करते. आपल्या उपखंडात पहिला झटका इतर देशांच्या तुलनेत लवकर येतो, हे इंटरहार्ट अध्ययनाच्या २००७ च्या विश्लेषणात दिसून आले आहे : दक्षिण आशियात मध्यक वय ५३, अन्यत्र सुमारे ५९. त्याच विश्लेषणाने हेही दाखवले की, या फरकाचा बहुतांश उलगडा परिचित धोक्यांनीच होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण किमान ४० तासांचा कार्यभार आहे. कागदावरचा हा भार आणि मूल्यांकनाच्या दस्तऐवजांसाठी, उत्तरपत्रिकांसाठी, निवडणुकीच्या कामासाठी जाणारे तास यांची बेरीज कोणत्याही नोंदवहीत एकत्र सापडत नाही. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या शिक्षकाचे तर अध्यापनाचे तास तेवढे मोजले जातात. एसटीतील तास, पुढील सत्रात नेमणूक मिळेल की नाही या विवंचनेचे तास आणि मानधनाच्या प्रतीक्षेचे महिने मोजण्याबाहेर राहतात. व्हाइटहॉलचा तर्क येथे लावला तर धोका सर्वाधिक असावा तो याच गटाला. कारण मागणी आहे, निर्णयाचा अधिकार नाही आणि उतरंडीतील स्थान तळाचे आहे. मात्र शिक्षकांमधील बर्नआउटवरील प्रश्नावल्या वाटल्या जातात त्या हजेरीपटावरील कायम प्राध्यापकांना, तेही बहुधा एखाद्या कार्यशाळेच्या सभागृहात. जो त्या दिवशी दुसऱ्या गावी तास घेत असतो तो नमुन्यात येतच नाही.

असे अध्ययन येथे करावयाचे झाल्यास प्रश्नावलीपूर्वी चार गोष्टी नोंदवाव्या लागतील : आठवड्याचे प्रत्यक्ष तास, नेमणुकीचे स्वरूप, प्रवासाचे अंतर आणि झोप. त्यानंतर रक्तदाब, कमरेचा घेर, रक्तशर्करा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन करावयाचेच असेल तर एकदा न करता काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि सर्दी-तापाच्या दिवसांत मुळीच नाही. यासाठी लागणारे रक्तदाबयंत्र आणि मोजपट्टी बहुतेक महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागात आजही उपलब्ध आहे.